वाढली

आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही.
ती वाढते.
आईनं पहिल्याच दिवशी तोंडावर हात ठेवून शिकवलं,
तेव्हा मी नऊ वर्षांची,
सेलूच्या बाजारात लिंबाखाली.

हाडाला असा शब्द नाही. ते मोडलं.
मोंढ्याच्या मागं सांडलेल्या सरकीवर पाय घसरला,
उजवा हात टेकला
आणि आतून वाळकी तुराटी बोलली.
हातात सहा बांगड्या होत्या.
सहाही वाढल्या.

परभणीच्या डॉक्टरनं काळा फोटो उजेडाला धरला.
चाळीस वर्षं लोकांच्या मनगटांवरून अंगठा फिरवला मी,
आतून कधी पाहिलं नव्हतं.
"सहा आठवडे प्लास्टर," तो म्हणाला,
"मी नुसतं सरळ ठेवलंय. बाकीचं हाड करील."

मुमताजबी हाडसांधी कुटून घेऊन आली,
प्लास्टर बघून तशीच परत गेली.
संध्याकाळी पदराखालून चार अंडी ठेवली,
म्हणाली, माळकरी सासूला सांगू नको.

मालक परातीपुढं बसले.
पहिल्या आठवड्यात आम्ही जिंतूर तालुका खाल्ला,
मग पाथरी, मग मानवत,
भाकरी हळूहळू गोल होत गेली.

चौथ्या आठवड्यात चिरेभोवती
पांढरट धुकं दिसलं.
नवं हाड, म्हणे. अजून कच्चं.
मला दुधनेच्या काठची बाभूळ आठवली.
कुऱ्हाड बसली तिथंच डिंक येतो,
लागतो त्याहून जास्तच,
झाडाला कुठं मोजता येतं.

आता खरं सांगते.
या अंगठ्याला बऱ्याच गाठी ठाऊक आहेत.
मनगटाच्या वर चार बोटं, करंगळीच्या अंगाला.
तिथं पडून मोडत नाही सहसा.
तिथं मोडतं हात तोंडापुढं धरल्यावर.
बाई म्हणते, "हापशावर घसरले."
मी म्हणते, "हात सैल सोड."
आणि एक नंबर मोठी बांगडी
तिरपी करून गाठीवरून नेते.
पैसे तेवढेच घेते.

माझं प्लास्टर ऐकून तशा तिघी येऊन गेल्या.
कुणी काही विचारलं नाही.
एक नुसती बसली दुपारभर, शेंगा फोडत.
मी शपथ घेऊन सांगितलं,
खरंच सरकीवर घसरले गं.
"हो," ती म्हणाली. "आम्हीबी."

प्लास्टर कापलं तेव्हा आतला हात
दुसऱ्याच कुणाचा निघाला,
बारीक, कोंडा उडणारा, आंबूस वासाचा.
व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली,
"मावशी, हात सैल सोडा."
मी हसत सुटले. तिला कळेना काय झालं.

दिवाळीला माझी सव्वादोनाची गाठीवर अडली.
संक्रांतीला साबण लावून गेली, साल काढत.
चैत्रात डॉक्टर म्हणाला,
हाड जास्तीचं आपणच झिजवतं,
वापराल तसा आकार घेतं, वर्ष जातं, दोन जातात.
घाई करू नका.
कशाची घाई. पण त्या दिवसापासून
मी पुन्हा पाटी लावली.

परवाच्या बाजारात ती आली,
शेंगा फोडणारी.
हात दिला. अंगठा सवयीनं वर सरकला.
जुनी गाठ होती तिथंच होती, घट्ट.
तिच्या जरा वर
आणखी एक.
मऊ. डिंकासारखी. अजून कच्ची.

"हात सैल सोड" हे शब्द जिभेवर आले होते.
हिरवी बांगडी मी पाटीत परत ठेवली.
"कधी?" विचारलं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तिनं इकडंतिकडं बघितलं.
शेजारचा मिरचीवाला पोती आवळत होता.
मग माझ्या मनगटावरच्या गाठीवर
तिनं अंगठा ठेवला,
माप घ्यावं तसा,
आणि काढलाच नाही.